नाकेदाराचे वाफे

फुलांची आवड असलेल्या माणसांचा मला राग येतो. माझी सून गच्चीवर कुंड्या ठेवते. तिच्या मैत्रिणी येतात, "अय्या, ऑर्किड!" म्हणतात आणि ओल आहे का पाहायला मातीत बोट खुपसतात. मी उठून आत जातो. सून सगळ्यांना सांगते की बाबांना पाहुणे आवडत नाहीत. पाहुणे मला चांगले आवडतात. ते बोट आवडत नाही.

हा राग माझा नाही. तो एका नाकेदाराचा आहे, मी तो वापरतो आहे इतकंच. त्याच्यासोबत मी तीन वर्षं काढली. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्यातली एक तहसील होती. वडशाला रेल्वेतून उतरून बैलगाडीने दीड दिवस आत गेलं की जंगल खात्याचा तो नाका लागायचा. रस्त्यावर एक आडवा बांबू, बाजूला दोन खोल्या, एकच ओसरी. मी कारकून. सागवानाच्या गाड्या आल्या की मी गुलाबी कागदावर पास लिहायचा, नाकेदाराने लाकडावरचा हातोड्याचा शिक्का तपासायचा आणि बांबू वर करायचा. एका खोलीत मी, दुसरीत तो.

पहिल्या दिवशी मी "नमस्कार" म्हटलं तर तो म्हणाला, "काऊन?" म्हणजे नमस्कार कशासाठी, इतका साधा सवाल. त्याला हळू बोलता येत नसे. बैल हाकणं, भाजी मागणं, देवाला हात जोडणं, सगळं एकाच पट्टीत आणि ती पट्टी भांडणाची. पन्नाशीचा, ठेंगणा, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस. सदऱ्याला कधी सगळी बटणं नसायची. बायको वारली होती की सोडून गेली होती, हे विचारायची माझी छाती तीन वर्षांत झाली नाही.

ओसरीच्या मागे त्याचे चार वाफे होते. त्यात कंद. आता शहरात ज्याला ऑर्किड म्हणून मिरवतात, त्यातलीच ही झाडावर न चढणारी, जमिनीतून उगवणारी जात. आषाढात पान वर यायचं, श्रावण-भाद्रपदात हातभर दांड्यावर पांढरी शुभ्र फुलं, कार्तिकात सगळं वाळून जमिनीसारखं सपाट. तिथून पुढच्या पावसापर्यंत त्या वाफ्यात काही आहे हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

मला नाहीच पटलं. पहिल्या वैशाखात तो फेरीवर गेला होता. ती भेगाळलेली माती बघून मला दया आली आणि मी अंघोळीनंतर उरलेलं पाणी रोज एका वाफ्यावर ओतलं. चार दिवसांनी तो आला. वाफा पाहिला आणि तिथूनच ओरडला.

"पानी टाकलं का रे बाबू?"

"थोडंसंच. सुकून राह्यले होते भाऊ."

"सुकून नाई राह्यले, झोपून राह्यले! तुले झोपेत कोनी तोंडात पानी ओतलं तं? जीव जाईन का नाई?"

त्याने हाताने माती सारली आणि एक कंद वर काढला. वरून चांगला होता. त्याने बोटाने दाबला तर आतून पू यावा तसा तपकिरी रस आला. वाफ्यातले निम्मे कंद असेच निघाले. ते त्याने ओळीने माझ्या दारासमोर मांडून ठेवले आणि दोन दिवस उचलू दिले नाहीत. मी खोलीत जाता-येता त्यांना ओलांडत होतो. मला त्याचा इतका संताप आला होता की बदलीचा अर्ज लिहून ठेवला. पाठवला नाही, कारण टपाल त्याच्याच हातून जायचं.

हळूहळू त्याच्या शिव्यांतून मला ती विद्या कळत गेली. शेणखत घालायचं नाही. एका ठेकेदाराने खूश करायला गाडीभर कुजलेलं खत आणलं, तर नाकेदाराने ते गाडीतून उतरूच दिलं नाही. "गरिबाच्या पोटाले बासुंदी पचते का? मारशीन का माह्या लेकराइले?" कोंबड्या येऊ द्यायच्या नाहीत, गावच्या पाटलाची कोंबडी वाफ्यात उकरताना सापडली तेव्हा त्याने ती पाटलाच्या ओसरीवर नेऊन सोडली आणि पाटलाला चारचौघांत विचारलं, "तुमची हाये ना? मंग तुमच्या घरात उकरू द्या." गोगलगायी पहाटे वेचून पळसाच्या द्रोणात भरायच्या आणि नाल्यापलीकडे सोडून यायच्या. मी म्हटलं, मारत का नाही? तर माझ्यावरच डाफरला, "त्याइचं जंगल हाये, आपुन नोकर." साळींदरासाठी बाभळीचे काटे. रानडुकरासाठी मात्र त्याच्याकडे इलाज नव्हता, म्हणून डुकराला तो सर्वांत जास्त मान द्यायचा.

आणि सगळ्यांत मोठा रोग म्हणजे खोदून पाहणं. येणारा-जाणारा गार्ड, गाडीवान, कोणीही विचारायचा, जिवंत आहे का खाली? आणि काडीने उकरायचा. त्याच्या अंगावर नाकेदार धावून जायचा. "पोट फाडून पाहाता का रे, पोर जित्तं हाये का म्हून?"

एकदा त्याने मला फुलाचं बी दाखवलं. पिठासारखं, फुंकर मारली की नाहीसं. "धानाच्या दान्यात पोराची शिदोरी असते. यात काईच नाई. पैदाच उपाशी होते थे." मग जगतं कसं? त्याने तळहातावर एक ढेकूळ फोडलं. आत पांढरे तंतू होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. "हे दाई. हे पाजते त्याले. दाईले सोडून पोर आनलं तं मरते." पुढे अनेक वर्षांनी एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने मला सांगितलं की ती बुरशी असते आणि तिच्याविना ते बी रुजत नाही. मी त्याला म्हटलं, मला ठाऊक आहे. त्याला माझा सूर उद्धट वाटला असावा.

नाक्यावर ते बी कधीच रुजलं नाही. सात पावसाळे त्याने प्रयत्न केला होता. "इथी जगते, पन जनत नाई," तो म्हणायचा. ती जात जनायची, म्हणजे बियांतून वाढायची, एकच जागा होती. नाक्यामागून जंगलात दीड कोसावर एक जुनं तळं होतं, त्याच्या वरच्या अंगाला गवताचा उतार. ती जागा त्याला सोमाने दाखवली होती. सोमा ढिवर, त्या तळ्यात मासे धरायचा. तळं राखीव जंगलात, जायची वाट नाक्यावरूनच, आणि ती वाट सोमाला मोकळी होती. नाकेदाराला जगात दोस्त म्हणावा असा तो एकच. दोघं ओसरीवर बसत. हा ओरडायचा, सोमा जाळं विणत "होय गा" म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी डुकरांनी उताराकडे मोर्चा वळवला. काट्यांचं कुंपण घालायला तिसरा माणूस हवा होता, म्हणून नाकेदार मला घेऊन गेला. भाद्रपद होता. मी वाकून चाललो होतो, डोक्यावर काटे. सोमाने माझा दंड धरला. "बाबू, पाय पाहून ठेव." मी मान वर केली तर सगळा उतार पांढरा. धानाचं शेत पेरावं इतकी दाट फुलं. नाकेदार ओरडला नाही असं मी म्हणणार नाही. तो ओरडलाच. "पाहून घे, आन इसरून जा! कोनाच्या बापाले सांगशीन तं जीभ हासडीन!"

पुढच्या भाद्रपदात जंगल खात्याचे मोठे साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हता. मला त्याचाच जास्त राग येतो. वाईट असता तर मी सावध राहिलो असतो. वाफ्यापाशी येऊन त्याने हॅट काढली. उकिडवा बसला. फुलाचं लॅटिन नाव घेतलं. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते, हे मी पाहिलं आहे. नंतर उठून म्हणाला, "दसऱ्याला माझ्या बंगल्यावर पाहुणे येत आहेत. नव्या बागेत हे हवेत. शंभर-दीडशे तरी पाहा."

"साहेब, हे फुलात हाये," नाकेदार म्हणाला. त्याच्या मानाने हळूच. "बाळंतिनीले कोनी हालवते का? फागुनात मानूस धाडा. दोन देतो, ढेकळासकट."

"दोन?" साहेब हसला.

"दोनच जगतीन. तेबी शेन नोको, पानी नोको, अन् कोनी बोट घालाचं नाई."

साहेबाने वाफ्यांकडे नजर फिरवली. तीसेक दांडे होते. "आणि हे आले कुठून?"

"गाडीवाटीवर होते. चाकाखाली येत होते, म्हून आनले." खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला डाकबंगल्यावर बोलावलं. बसा म्हणाला. कपबशीतून चहा दिला. तीन वर्षांत मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. "तो अडाणी आहे, हट्टी आहे," साहेब म्हणाला, "तुम्ही शिकलेले. या जातीचं रान कुठेतरी असणार. नाहीतर मला त्याचे वाफे उचलावे लागतील, आणि ते मला आवडणार नाही."

मी आजवर स्वतःला सांगत आलो की मी वाफे वाचवले. सात पावसाळ्यांची मेहनत, ती पहाटेची गोगलगायींची वेचणी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला वाटलं, जंगलातलं जाईल पण याचं तरी राहील. हे खोटं नाही. पण त्या "शिकलेले"ने मला गुदगुल्या झाल्या होत्या, हेही खोटं नाही. खिशात पासाचा गुलाबी कागद होता. त्याच्या पाठीवर मी नकाशा काढला. नाला, तळं, उतार. वाफ्यांना हात लावायचा नाही, अशी अट घातली. साहेबाने शब्द दिला आणि पाळला.

नाकेदाराला तीन दिवसांसाठी बांबू मोजायला दूरच्या तोडीच्या कूपात पाठवण्यात आलं. त्या तीन दिवसांत गावातली तीस माणसं बोलावून आणली. नाही म्हणायची सोय नव्हती. जंगलाजवळच्या गावाने खात्याला नाही म्हटलं की सरपण बंद. त्यांत सोमाही होता. कुदळींनी तो उतार उलटापालटा केला. कंद स्वच्छ हवेत असा हुकूम होता, म्हणून नाल्यावर बसून बायकांनी एकेक कंद बटाट्यासारखा धुतला. त्या पांढऱ्या तंतूंचा पार चोथा होऊन पाण्याबरोबर गेला. मी काठावर उभा होतो. मुकादमाच्या हातात तो गुलाबी कागद होता. सोमाला वाचता येत नव्हतं, पण तो रंग त्याने नाक्यावर रोज पाहिला होता. त्याने कागद पाहिला, मग मला पाहिलं. मग कुदळ मारायला वाकला.

नाकेदार तिसऱ्या दुपारी परतला तेव्हा शेवटच्या टोपल्या निघत होत्या. वाटेत त्याला सोमा भेटला, खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना धुतलेले कंद. नाकेदाराने ती कावड ओढून गुडघ्यावर मोडली.

"तू दाखवली. तूच दाखवली!"

"मी नाई सांगतलं गा भाऊ."

"मंग कोनी? डुकरानं सांगतलं?"

सोमाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिथे दहा हातांवर होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. आणि सोमाने तरी माझं नाव का घ्यावं? बाबूसमोर ढिवराचा शब्द कोण धरणार होतं?

त्या दिवसापासून सोमाची वाट बंद झाली. बांबू त्याच्यापुरता कधी वर झाला नाही. नाकेदार कायद्याने बरोबर होता. राखीव जंगलात कोणालाच जायची परवानगी नव्हती. सोमा जाळं घेऊन पाच कोसांवर वैनगंगेला जाऊ लागला. तिथे आधीचे ढिवर होते, त्यांनी त्याला उथळ पाण्याची कड दिली. बायको धानाच्या कापणीला जाऊ लागली. रोज पहाटे तो नाक्यासमोरून जायचा, नाकेदार पाठ फिरवून बसायचा, आणि मी पास लिहायचो. सहा महिने.

बंगल्यावरच्या बागेत काय झालं ते सांगायलाच नको. शेणखत भरलेल्या वाफ्यांत कंद लावले, माळ्याने दोन्ही वेळ पाणी घातलं. दसऱ्याला चार दांडे उभे होते. दिवाळीत सगळ्याचा चिखल झाला. मग नाक्यावर कागद आला: निकृष्ट माल पुरवल्याबद्दल नाकेदाराने खुलासा करावा. माल! तो कागद मी रागाने टेबलावर आपटला, आणि आपटणारा हात नकाशा काढणाराच होता.

नाकेदाराला सहीपुरतं लिहिता येई, म्हणून खुलासा मी लिहिला. तो सांगत होता, "लिही, तुमी मारले. लिही, आंधळ्याले आरसा अन् तुमाले बाग." मी लिहीत होतो, "सेवेशी सविनय सादर की." फाल्गुनात त्याच्या बदलीचा हुकूम आला. सिरोंचा, जिल्ह्याचं दुसरं टोक, तिथली भाषाही तेलुगू.

सामान म्हणजे एक पेटी आणि घोंगडी. गाडी दारात उभी होती. त्याने मला मागे वाफ्यांकडे नेलं. जमीन सपाट, भेगाळलेली. "हे तुह्यावर सोडून जातो. पानी नोको. खत नोको. खोदून पाहू नोको." आणि मग म्हणाला, "सोमा असा निंगाला. तूच एक भरवशाचा."

शिव्या मी पचवल्या होत्या. हे पचलं नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "जागा मी दाखवली."

"कोनती?"

मी सगळं सांगितलं. चहा, कागद, अट. "तुमचे वाफे वाचावे म्हून," असं शेवटी म्हणालो.

"वाफे!" तो इतका मोठ्याने ओरडला की बैल बिचकले. "अबे, हे दाखवाचे होते! सायबानं इथी पाहावं, न्याचं असन तं इथलं न्यावं, अन् मांगं जंगलात पाहू नये, म्हून मांडले होते हे! नेले असते! समदे नेले असते तं काय बिघडत होतं?"

मग त्याचा चेहरा बदलला. त्याला दुसरं काहीतरी आठवलं होतं. "सहा महिने," तो म्हणाला. "थो मानूस सहा महिने माह्यासमोरून नदीवर गेला. अन् मी पाठ देल्ली त्याले." त्याने स्वतःच्या कपाळावर मूठ मारून घेतली, दोनदा, जोरात.

मग खुरपी घेऊन बसला आणि वाफे काढायला लागला. फाल्गुन होता, कंद झोपलेले; काढायचा हाच तेवढा वेळ. एकेक कंद मोठ्या ढेकळासकट, पांढरे तंतू न तोडता. मी टोपली पुढे केली.

"हात लावू नोको."

चारही वाफे रिकामे झाले तेव्हा दुपार टळली होती. दोन टोपल्या भरल्या. त्या त्याने गाडीत ठेवल्या, पेटी खाली उतरवून ओसरीवर टाकली आणि गाडीवानाला सांगितलं, सोमाच्या घरी चल.

मी मागून चालत गेलो आणि गावाच्या कडेला थांबलो. सोमा अंगणात जाळं वाळत घालत होता. नाकेदाराने टोपल्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. सोमा मागे सरकला. तो पुन्हा वाकला. सोमाची बायको पुढे आली आणि बोलू लागली, आणि ती जे बोलली ते सबंध गावाने ऐकलं: तिने सांगितलेल्या उपासांच्या दिवसांपैकी एकही खोटा नसावा. नाकेदार एका शब्दानेही आडवा आला नाही. ती थकल्यावर सोमाने एक टोपली उचलली, नाकेदाराने दुसरी, आणि दोघं तळ्याच्या वाटेला लागले. माझ्या अंगावरून गेले. दोघांपैकी कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

नाकेदार सिरोंच्याला तीन दिवस उशिरा हजर झाला, त्याबद्दल त्याला आणखी एक खुलासा द्यावा लागला. तो कोणी लिहिला मला माहीत नाही. दोन-तीन वर्षांतच तो तिकडे तापाने गेला, असं नाक्यावर आलेल्या एका गार्डाने सांगितलं.

पुढे माझीही बदली झाली. बऱ्याच वर्षांनी वडशाच्या बाजारात एकदा सोमा दिसला, मासे विकत होता. म्हातारा झाला होता. मी मासे घेतले. मग राहवलं नाही.

"सोमाभाऊ, तळ्यावरचं ते, तुम्ही दोघांनी लावलं ते. फुलते का?"

त्याने मासे पानात बांधले, दोरा गुंडाळला, आणि मग वर पाहिलं. नजर अगदी सरळ होती.

"कोनतं?"

"ते पांढरं. उतारावरचं."

"तिथी काई नाई बाबू," सोमा म्हणाला. "कवाच नोहोतं."

मासे हातात घेऊन मी तिथून निघालो. मला भयंकर राग आला होता. डाकबंगल्यात साहेबाने विचारलं तेव्हा मीही एवढंच तर म्हणायचं होतं.